दुसरी फेरी

शीआन, १० जानेवारी १९९३

ताई, नमस्कार.

खारवलेल्या कोबीची बरणी पोचली. अर्धी ऑफिसातच संपली, कारण ती उघडण्याची चूक मी तिथे केली. तुझी भावजय म्हणते, पुढच्या वेळी बरणी तिच्या नावानं पाठवा.

आता कामाचं. गेल्या वर्षी मी छायाचित्रकार मंडळाचा सभासद झालो हे तुला कळवलं होतं आणि तू ‘बरं झालं, घराबाहेर तरी राहशील’ असं उत्तर दिलं होतंस. हे मंडळ म्हणजे पन्नाशीला टेकलेली चाळीसेक माणसं, सगळ्यांच्या अंगात तेच खिशाखिशांचं जाकीट. रीळ कुठल्या खिशात आहे ते सापडेपर्यंत सूर्य मावळतो. आमचे अध्यक्ष हाओ निवृत्त अधिकारी आहेत. नोकरीत त्यांनी लोकांना रांगेत उभं केलं, आता फोटोत उभं करतात. शरदात आम्ही एका खेड्यात गेलो होतो, तिथल्या म्हातारीला त्यांनी तिच्याच दारातून इतक्या वेळा आत-बाहेर करायला लावलं की शेवटी ती आत गेली ती कडी लावूनच.

वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला आपल्या शीगोउला यायचं मंडळाच्या मनात आहे. दोन बस होतील. गजावरचं सोंग या भागात आता आपल्याच गावात उरलंय, हे मी एकदा बोलून गेलो आणि तेव्हापासून हाओ मला ‘आपले शीगोउचे’ म्हणून हाक मारतात. तू म्याओकाकांच्या कानावर घाल. यंदा गजावर कोण चढणार तेही कळव.

तुझा,
शूलिन


शीगोउ, जुन्या पंचांगाच्या बाराव्या महिन्याची सव्वीस

शूलिन,

दोन बस भरून माणसं येणार म्हणजे गावात संडास किती लागतील याचा तुझ्या अध्यक्षांनी विचार केलाय का? आमच्याकडे आहेत ते तीन, आणि त्यातल्या एकाला दार नाही.

म्याओकाकांना विचारलं. मिरवणुकीचे प्रमुख अजून तेच आणि अजून त्यांना आपण पन्नाशीचे आहोत असंच वाटतं. म्हणाले, येऊ देत, तरणी पोरं सगळी दक्षिणेत कारखान्यांत, बघायला तरी कोणी हवं.

गजावर कोण म्हणून विचारलंस. आपली दोउदोउ. देवळात कौल लावला तो तिच्यावर पडला. म्याओकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नको वाटत असेल तर पुन्हा लावू. पण पुन्हा लावलेला कौल कोणाच्या पोरीवर पडेल, आणि ती बाई जन्मभर माझ्याकडे कशी बघेल? मी हो म्हणाले. तिचे आईबाप, याओवू आणि सून, यंदाही येत नाहीत. माझ्या लेकाचं आपलं दरवर्षीचं ठरलेलं, गाडीची तिकिटं मिळाली नाहीत. म्हणजे पोरीची जबाबदारी माझी एकटीची.

मला भीती वाटते. हे लिहूनच टाकते, म्हणजे बोलायला नको. मी सहा वर्षांची असताना गजावर गेले होते, तू तेव्हा आईच्या पाठुंगळीला होतास. खालच्यांना काय दिसतं? आठ माणसांच्या खांद्यावर चौरंग, त्याच्यावर घराच्या कौलाएवढ्या उंचीवर कापसाच्या ढगात उभी छोटी देवी. वर काय असतं ते मला माहीत आहे. झग्याच्या आत लोखंडाचा गज मांडीला, कमरेला, पाठीला बांधलेला. थंडी वाऱ्यातून येत नाही, लोखंडातून येते. थोड्या वेळानं गज कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. मग झोप येते. ती झोप वाईट. म्हणून तर दोन बेळकीवाले बरोबर चालतात. त्यांची ती टोकाला फाट्याची लांब काठी, बेळकी, पोरीच्या पावलांखाली असते आणि तोंड सारखं चालू असतं: काय ग, काल काय जेवलीस, मांजरीला पिल्लं किती झाली. आईनं मात्र गजाखालून चालायचं नाही, की वर बघून रडायचं नाही.

आदल्या संध्याकाळपासून तिला पाणी नाही. पहाटे बांधतात. बांधायलाच एवढा वेळ जातो की एकदा बांधलं की मिरवणूक संपेपर्यंत सोडत नाहीत. तेव्हा तुझ्या जाकीटवाल्यांना सांग, वेळेवर या. तुमच्यासाठी थांबायची वेळ आली तर आम्ही खाली थांबू, पण ती वर थांबेल.

एक काम तुझ्याकडे. दोउदोउचा एक फोटो काढ, तिच्या आईबापाला पाठवायला. चेहरा नीट दिसेल असा, डोळे उघडे. बाकी रिळं तुम्ही कशानंही भरा.

देवळातल्या नैवेद्याची कणकेची सोंगं नेहमीसारखी माझ्याकडे आहेत. वाघ उकडून झाला. डोळे अजून लावले नाहीत, ते देवळाच्या उंबऱ्याच्या आत गेल्यावर. तू लहानपणी घरातच वाघाला काळ्या घेवड्याचे डोळे लावले होतेस आणि आईनं तुला लाटण्यानं बडवलं होतं, आठवतं? डोळे उघडलेलं सोंग घरात आलं की ते घरातल्या कोणाची तरी जागा मागतं, असं ती म्हणायची. त्यावर तू म्हणाला होतास, मग ताईची देऊन टाका. मी विसरलेले नाही.

ताई


शीआन, ९ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

आलो तो थेट रिळं धुवायला दिली.

बसचं काय झालं ते तुला माहीतच आहे. शहराबाहेर पडल्यावर हाओंच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याची तिपाई घरी राहिली. एकट्याच्या तिपाईसाठी दोन बस मागे फिरल्या, कारण अध्यक्षांशिवाय पुढे जाणं बरं दिसलं नसतं. आम्ही पोचलो तेव्हा मिरवणूक देवळापाशी येऊन संपत आली होती आणि आकाश तव्याच्या बुडासारखं काळं. आमच्यासाठी किती थांबलो आणि मग कसे निघालो, हे म्याओकाका सारखं ऐकवत होते. म्हातारी माणसं चिडायचीच.

पण दुपारी ऊन पडलं आणि नशीब पालटलं. हाओ म्हणाले, असा उजेड आयुष्यात एकदा मिळतो, मिरवणूक पुन्हा निघाली पाहिजे. तालुक्याच्या संस्कृती केंद्राचा माणूस लगेच मान डोलवायला लागला. म्याओकाका नाहीच म्हणत होते. तेव्हा हाओंनी मला पुढे ढकललं, तुमचं गाव, तुमची पोर, तुम्हीच विचारा. मी तुझ्या अंगणात आलो, म्हटलं, ताई, एकच फेरी, अर्धा तास. खरं सांगतो, मला वाटलं होतं तू लाटणं काढशील. तू ‘बरं, मला जरा वेळ द्या’ एवढंच म्हणालीस. हाओंनी नंतर मला विचारलं, तुमच्या घरात कोणी पक्षात वगैरे होतं का, इतकी समज कुठून आली.

आणि आपली दोउदोउ! सगळे कॅमेरे तिच्यावर रोखलेले आणि पोरगी ढिम्म हलली नाही. सकाळी माझं काही जमलं नव्हतं, पण दुसऱ्या फेरीत दोन्ही रिळं तिच्यावरच संपवली. मंडळात कामाला असलेल्या मुलानं छोटी प्रत छापून दिली, ती मी तशीच पाकिटात घालून आजच याओवूला पाठवली. तुझं काम झालं.

निघताना तू बसपाशी आली नाहीस. तुझं दार बंद होतं आणि धुराडं मात्र जोरात चालू होतं. थकली असशील.

तुझा,
शूलिन


शीआन, १४ फेब्रुवारी

ताई,

आज रविवार म्हणून मंडळाच्या अंधाऱ्या खोलीत मोठ्या प्रती काढायला बसलो. हाओंना प्रांताच्या प्रदर्शनासाठी एक हवी आहे. कागद औषधाच्या ताटलीत टाकला की चित्र हळूहळू वर येतं, हे मी तुला सांगितलंय. आधी गज झाकणारा ढग आला, मग झगा, मग लांब बाह्या, मग चेहरा. चेहरा येऊन थांबला आणि मी डोळे यायची वाट बघत राहिलो.

डोळे मिटलेले आहेत.

पापणी लवली असेल म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. दुपारपर्यंत दोन्ही रिळं मी भिंगाखाली पाहिली. प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. मान एकाच बाजूला, तेवढीच. ओठ तसेच. मिरवणुकीत घोड्यांवर बसवलेली, सोंगं घेतलेली पोरं हसताहेत, नाक पुसताहेत, एक तर रडतोय. ती वर आहे तशीच आहे. चेहऱ्यावर पांढरा रंग आहे म्हणून कळत नाही. आणि माझं रीळ काळंपांढरं. ओठ निळे असतील तर माझ्या रिळाला ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट. बेळकीवाले दोघेही फोटोत आहेत. त्यांच्या काठ्या तिच्या पावलांखाली नाहीत, खांद्यावर आहेत. थोरला छाय हसतोय. चौरंग उचलणाऱ्या आठांतला एकही वर बघत नाही. तूच लिहिलं होतंस ना, ती झोप वाईट म्हणून? मग कोणीच वर का बघत नाही, ताई? मीही बघत होतो ते कॅमेऱ्यातून. उजेड मोजत होतो.

हे मी उगाच लिहितोय आणि पोरगी तुझ्याजवळ बसून शेवया खातेय, असं असणार. तसं एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस, तेवढंच.

शूलिन


शीआन, १९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र नाही. टपाल उशिरा येतं हे मला माहीत आहे, तरी रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभा राहतो. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

परवा गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानवाल्या शीनं उचलला. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्या इथे नाहीत, तालुक्याच्या दवाखान्यातून आज की काल परत आल्यात म्हणे. मी म्हटलं, दवाखान्यात का? तो म्हणाला, पोरीला घेऊन. मग मी म्हटलं, पोर कशी आहे? त्यावर त्यानं विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. मग तारेत खरखर आणि पुढे काही नाही. पुन्हा लावला तर लागलाच नाही.

आज याओवूची तार आली. ‘पोरीला काय झालं. बायको निघाली.’ एवढीच. म्हणजे फोटो पोचला. पाठवताना मी नीट बघितलंच नाही ग, पाकिटात घातला नि चिकटवला. पांढऱ्या चेहऱ्याची, डोळे मिटलेली पोर मी तिच्या आईला टपालानं पाठवली. ती आता कुठल्या तरी गाडीत उभी असेल, तीन दिवसांच्या वाटेवर.

हाओंना तो फोटो फार आवडलाय. मोठा करून ‘निद्रिस्त देवी’ नावानं प्रदर्शनात लावणार. म्हणाले, त्या चेहऱ्यावरची शांती बघा. मी बघितली. मग उठून बाहेर आलो.

घाटातला बर्फ काढून रस्ता मोकळा झाला आहे. बस चालू आहे. मी उद्या निघतो म्हणतो आणि उद्या झाला की परवा निघतो म्हणतो. तुझी भावजय म्हणाली, जाऊन का येत नाही? मी म्हटलं, पत्र आलं तर चुकामूक होईल. पण ताई, तुला खोटं का लिहू. मला तुझ्या दारापर्यंत येण्याची भीती वाटते. दार बंद असेल आणि धुराडंही बंद असेल, याची.

काही असेल ते लिही. मी वाचेन.

शूलिन


शीगोउ, दुसऱ्या महिन्याची पाच

शूलिन,

दोउदोउ जिवंत आहे. आधी हे वाच, मग बसून घे, मग पुढचं वाच.

तिच्या छातीत सर्दी उतरली होती. तालुक्याच्या दवाखान्यात सुया टोचल्या, बाटल्या लावल्या, आता घरी आहे. खोकते. डाव्या पायाची दोन बोटं अजून पांढरी आहेत, डॉक्टर म्हणतात रक्त येईल परत. रात्रीची घाबरून उठते आणि विचारते, संपली का मिरवणूक?

आता तुमच्या दुसऱ्या फेरीचं.

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे पोरीला पहाटे बांधलं. सकाळची मिरवणूक निघायची वेळ झाली, तुमच्या बसचा पत्ता नाही. संस्कृती केंद्राचा माणूस म्हणाला, थांबा, शहरातले पाहुणे आहेत, तालुक्याचं नाव आहे. म्याओकाका थांबले. सोडायचं म्हणजे पुन्हा बांधायचं, म्हणून तिला सोडलं नाही. तुमची तिपाई घरी राहिली होती ना, त्या तिपाईपायी ती वर होती. आधी बेळकीवाल्यांना उत्तरं देत होती. मग नुसती मान हलवायला लागली. मग मानही नाही. थोरला छाय काठी टेकवून टेकवून तिला जागं ठेवत होता आणि खाली उभा राहून रडत होता, बायकांसारखा. मी गजाखालून चालायचं नाही, म्हणून भिंतीशी उभी होते. मी काय बघत होते ते तुला नाही सांगत.

शेवटी म्याओकाकांनी मिरवणूक काढली आणि पळतच संपवली. देवळापाशी सोडलं तेव्हा ती उभी राहीना. पाय गजाच्या आकारात तसेच वाकलेले. मी तिला घरी आणून खाली जाळ असलेल्या तापल्या झोपायच्या ओट्यावर घातलं, तिची पावलं माझ्या पोटाशी धरली. बर्फाचे दोन दगड पोटाशी धरल्यासारखं.

तेव्हा तू अंगणात आलास. ताई, एकच फेरी. मी दारावरच्या गोधडीच्या पडद्याबाहेर तोंड काढलं. पोरगी कशी आहे, हे तू विचारलं असतंस तर मी तुला आत घेतलं असतं. तू विचारलं नाहीस. तू वर आकाशाकडे बघत होतास, ऊन जाईल की काय म्हणून.

मी बरं म्हणाले. मग शेजारणीला पोरीपाशी बसवलं आणि नैवेद्याची उरलेली भिजवलेली कणीक काढली.

आईनं शिकवलेलं कधी वाया जात नाही. वाफेच्या मोठ्या टोपलीत डोकं उकडलं. पोरीच्या डोक्याएवढं, कान थोडे मोठे झाले घाईत. धड म्हणजे गवत भरलेला कापसाचा अंगरखा. वर तोच झगा, तोच मुकुट, हात दाखवायची गरजच नव्हती, बाह्या लांब असतात. पांढरा रंग, गालांवर लाल. म्याओकाकांनी स्वतः बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणालाही ‘दुखलं का’ असं विचारावं लागलं नाही.

आणि डोळे मिटलेले ठेवले. घेवड्याचे दोन दाणे माझ्या हातात होते. पण जिच्या नावानं ते सोंग वर जाणार होतं ती पोरगी माझ्या ओट्यावर झगडत होती. तिच्या रूपाच्या सोंगाचे डोळे देवळाबाहेर मी कसे उघडणार? तुला हे कळायला हवं होतं, शूलिन. शहरातल्या कोणाला कळलं नसतं, पण तू या घरातला आहेस, तू त्यापायी लाटण्याचा मार खाल्लायस. मिटलेले डोळे बघून तुला पोर मेल्याची भीती वाटली. मी ते मिटले होते ती मरू नये म्हणून.

चौरंग उचलणारे हसत होते कारण ओझं हलकं होतं. गाव सगळं हसत होतं, बायका तोंडावर रुमाल धरून. चाळीस जाकिटं गुडघ्यावर बसून कणकेच्या गोळ्याचे फोटो काढताहेत, दुसरं काय करणार? हसायला न येणारी मीच एक होते, आतमध्ये. आणि थोरला छाय. तो दुसऱ्या फेरीतही वर बघून बोलत होता, मांजरीला पिल्लं किती झाली म्हणून, म्हणजे तुम्हाला संशय येऊ नये. फोटोत हसतोय म्हणतोस, पण नंतर मला म्हणाला, वळणावर सोंग जरा कललं आणि मला वाटलं, आता हे उत्तर देतंय. तेव्हापासून तो संध्याकाळी देवळाकडून जात नाही.

आता माझा हिशेब. तुझी पत्रं दुकानात पडून होती. दवाखान्यातून परत आले तेव्हा दोन एकदम मिळाली. डोळ्यांचं वाचलं. मी त्याच दिवशी एक ओळ लिहू शकत होते. लिहिली नाही. दुकानवाल्या शीला सांगितलं, फोन आला तर मला काही माहीत नाही म्हण. तो घाबरट, त्याला तेवढंही जमलं नाही. मला वाटलं, तिच्या पायांना हात लावून मी जेवढी भ्याले, तेवढा तूही भी. कळू दे तुला.

पण तू फोटो सुनेला पाठवलास, ते वाचून मी चुकीचं समजले. म्हटलं, पाठवला असेल मंडळातल्या कोणाचा तरी सकाळचा. तो दुसऱ्या फेरीतला असेल असं डोक्यातच आलं नाही. तुझ्यासाठी उगारलेली काठी तिला लागली.

ती भर दुपारी आली. हातात तो फोटो, दुसरं काही सामान नाही. ती याच गावची लेक, तिनं बघितल्या बघितल्या ओळखलं होतं की ही कणीक आहे, आपली पोर नाही. पण मिटल्या डोळ्यांचं सोंग वर, बेळक्या खांद्यावर आणि पोर कुठेच नाही, याचा तिनं जो अर्थ लावला तो मनात धरून ती तीन दिवस गाडीत उभी होती. अंगणात दोउदोउ कोंबडीच्या मागे लागली होती, अंगावर गोधडी ओढत. सून उंबऱ्यात बसली ती तिला उठताच येईना. मी आणि पोरीनं मिळून तिला उठवलं.

ते डोकं अजून होतं, माळ्यावर, गोठलेलं. नैवेद्याचं सोंग पोरांनी वाटून खायचं असतं, म्हणजे त्यांच्यावरचं टळतं. मी ते वाफवलं. पहिला घास दोउदोउचा, गालाचा. तिनं विचारलं, हे माझं तोंड आहे का? मी म्हटलं, हो. म्हणाली, गोड नाही. दुसरा गाल तिच्या आईनं खाल्ला. मग नाक, हनुवटी, सगळं संपवलं.

एक कान तुझ्यासाठी वाळवून ठेवला होता. बरोबर पाठवते आहे. दात सांभाळ.

सून तुझ्याशी बोलणार नाही, असं तिनं मला सांगून ठेवलंय. मी अजून ठरवलेलं नाही.

ताई


शीआन, ४ मार्च

ताई,

कान मिळाला. तुझं पत्र वाचून मी खरंच बसलो, मग जमिनीवर आडवा झालो. तुझ्या भावजयीनं पत्र हातातून घेऊन वाचलं आणि मला पांघरूण घातलं.

कान रश्शात भिजत घातला तरी दगडच. सबंध दुपार चघळत बसलो. गोड नाही, हे खरं आहे.

काल प्रदर्शन उघडलं. ‘निद्रिस्त देवी’ दाराशीच टांगलीय, माणसाएवढी. पहिलं बक्षीस. लोक समोर उभे राहतात आणि आवाज खाली आणतात. एका बाईनं डोळे पुसले. मी हाओंना गाठून सांगितलं की ती कणीक आहे, माझ्या ताईनं उकडलेली. ते फोटोच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, तरीच हलली नाही. आणि हळूच म्हणाले, हे बाहेर बोलू नका, पुढच्या वर्षी आपण त्यांना डोळे उघडे करायला सांगू.

मी जाकीट तिथेच त्यांच्या खुर्चीवर टाकून आलो. खिशांत दोन रिळं होती, ती काढून घेतली तेवढीच. घरी येऊन पुन्हा भिंगाखाली पाहिली. बघत गेलो तसं लक्षात आलं, ताई. तू मला एक काम सांगितलं होतंस, चेहरा दिसेल असा एक फोटो. मी दोन रिळं भरली आणि त्यात आपली पोर एकदाही नाही. ती आतल्या ओट्यावर होती आणि मी बाहेर उभा होतो.

थडगी झाडायच्या सणाला येऊ का? आई-बाबांचं थडगं झाडेन, लाकडं फोडेन. कॅमेरा आणणार नाही. सून नाही म्हणाली तर नाही.

शूलिन


शीगोउ, दुसऱ्या महिन्याची एकवीस

शूलिन,

ये. लाकडं आहेतच.

दोउदोउच्या पायाचं एक बोट लाल झालं, दुसरं अजून नाही. सून परत गेली नाही, कारखान्यानं तिच्या जागी दुसरी घेतली. ती पोरीला मांडीवरून खाली ठेवत नाही आणि पोरगी कंटाळलीय.

तुझं पत्र वाचून दाखवलं. सून ऐकत होती, उठून गेली नाही. कॅमेरा आणू नकोस, असं मीही म्हणणार होते. पण दोउदोउ म्हणते, आणायचाच. तिनं सगळं ठरवलंय. मामाआजोबांना पहाटे गजावर बांधायचं. आदल्या संध्याकाळपासून पाणी द्यायचं नाही. मग खाली उभं राहून ती फोटो काढणार आणि म्हणणार, ऊन बरोबर नाही, एकच फेरी अजून.

मी म्हटलं, बाई, ते जड आहेत. ती लगेच देवळामागे म्याओकाकांकडे विचारायला गेली, खोकत खोकत, आईचा हात धरून.

म्याओकाकांनी गज काढून बघितला. तुझं वजन पेलेल म्हणतात.

ताई